लागलं तरच लागलं म्हण

आमच्या मॅडमना कुणी पटकन 'हो' म्हटलेलं अजिबात खपायचं नाही. नाही म्हणा, गप्प बसा, वाद घाला, सगळं चालायचं. 'हो मॅडम' म्हटलं की बाईंच्या कपाळाला आठी पडलीच. आणि आमची सोलापूरची माणसं कशी, तर समोरच्याला नाराज करायचं म्हणजे पाप. रिक्षावाल्याला पत्ता ठाऊक नसेना का, तो 'बसा की' म्हणणार आणि मग चौकाचौकात विचारत विचारत नेणार. अशा गावात बाईंनी डोळ्यांची डॉक्टर म्हणून उभा जन्म काढला. त्यांना किती त्रास झाला ते देव जाणे. आम्हाला झाला तो मी सांगू शकते.

मी तिथं चष्म्याचे नंबर काढायला लागले तेव्हा नुकताच कोर्स संपला होता. होटगीहून रोजचं येणंजाणं. पहिल्याच दिवशी बाईंनी मला आत बोलावलं, समोर चहाचा कप ठेवला आणि विचारलं, "गोड झालाय ना?" मी घोट घेतला. चहात साखरेचा कणसुद्धा नव्हता. मी म्हटलं, "हो मॅडम, छान झालाय." दुसरं काय म्हणणार हो? पहिला दिवस, मोठी डॉक्टर, स्वतःच्या हातानं कप पुढं केलेला.

"बरं," बाई म्हणाल्या. "तू माझ्या पेशंटच्या आसपास फिरकायचं नाही. जा, नंबर काढ."

मी गाडीत रडत घरी गेले. पुढं कितीतरी दिवस त्या माझ्याकडं ढुंकून बघत नव्हत्या. मग एकदा जिन्यात गाठ पडली. "माझी साडी कशी आहे आजची?" मी वैतागलेलीच होते. म्हटलं, "साडी बरीय, पण मागं फॉल उसवलाय. लोंबतोय." बाईंनी वळून बघितलं, फॉल वर खोचला आणि म्हणाल्या, "उद्यापासून माझ्या खोलीत बसायचं." झाली माझी नेमणूक.

बाईंचं काम काय ते आधी सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. लेझरनं चष्मा घालवायचं ऑपरेशन आता सगळ्यांना माहीत झालंय. बुबुळावर काचेसारखा जो पारदर्शक थर असतो, कॉर्निया, त्याचा एक पातळ पापुद्रा कापून उचलतात, खाली लेझर मारतात आणि पापुद्रा परत जागेवर बसवतात. कापताना तिथल्या अगदी बारीक नसा तुटतात. नसा तुटल्या की डोळ्याची जाणीव कमी होते. धूळ गेली तरी खुपत नाही, डोळा कोरडा पडला तरी कळत नाही. बहुतेकांच्या नसा परत उगवतात, कुणाच्या लवकर, कुणाच्या फार सावकाश. त्या कितपत उगवल्यात ते मोजायचं, हे बाईंचं काम. ऑपरेशन त्या करत नसत. ते मोठे सर करायचे.

मोजायला दोन साधनं होती. एक मोठं मशीन. डोळा बधिर करून त्याचं टोक अलगद टेकवलं की पडद्यावर काळ्यावर पांढऱ्या रेघा दिसायच्या. त्या नसा. बाई तासन्‌तास बसून एकेक रेघ माऊसनं गिरवायच्या आणि लांबी काढायच्या. दुसरं साधन साधंच. पेनासारखी नळी आणि तिच्यातून निघणारा नायलॉनचा दोरा. दोरा लांब सोडला की मऊ पडतो, आखूड केला की कडक होतो. तो डोळ्याला टेकवायचा आणि पेशंटनं फक्त सांगायचं, लागलं का नाही.

सगळा घोटाळा या पेनापाशी. पोलीस भरतीची पोरं यायची, चष्मा घालवून. ती खुर्चीत बसायची तीच छाती काढून. आपण नापास झालो तर, अशी धास्ती. बाईंनी नुसता हात वर केला की लगेच, "लागलं! लागलं मॅडम, लई लागलं!" पेन अजून बाईंच्या खिशात.

"काय लागलं रे? माझं बोलणं?"

म्हणून बाई मधूनमधून फसवायच्या. हात डोळ्याजवळ न्यायच्या, दोरा टेकवायच्या नाहीत आणि विचारायच्या, "लागलं?" याला आम्ही आपापसात 'फसवी' म्हणायचो. फसवीला निम्मी माणसं हो म्हणायची. मग बाईंचा पट्टा सुरू. "लागलं तरच लागलं म्हण. मला खूश करायला आलायस का इथं? डोळा तुझा आहे ना? मग खोटं कुणाशी बोलतोयस?" एक आजोबा तर घाबरून म्हणाले, "तुमी म्हनाल तसं, बाई." तेव्हा बाईंनी पेन टेबलावर ठेवलं आणि खोलीबाहेर निघून गेल्या. मी आजोबांना पाणी दिलं.

बाहेरही हेच. दवाखान्यातल्या एका सिस्टरच्या लग्नात मुलीच्या वडिलांनी हात जोडून विचारलं, "जेवण कसं झालं, मॅडम?" आता काय म्हणायचं असतं ते शेंबड्या पोराला कळतं. बाई म्हणाल्या, "भात कच्चा होता. आमटी चांगली होती. मुलगी रडलेली दिसतेय, तिला कुणी काही विचारलंय का?" ते बिचारे तसेच हात जोडून उभे. मी बाईंना दंडाला धरून मांडवाबाहेर काढलं. रिक्षात बसल्यावर म्हणाल्या, "मी काय वाईट बोलले? त्यांनी विचारलं म्हणून सांगितलं."

बाई अक्कलकोटकडच्या. घरात कानडी, शाळेत मराठी. लग्न केलं नव्हतं. का नाही, ते विचारायची कुणाची हिंमत नव्हती, आणि मी विचारलं असतं तर त्यांनी खरं खरं सांगितलं असतं, म्हणून मीही विचारलं नाही. सुती साडी, पायात पुरुषी चपला, डोळ्यांवर हा एवढा जाड चष्मा. दुपारी मशीनच्या अंधाऱ्या खोलीतच कडक भाकरी मोडून दही आणि शेंगाचटणीबरोबर खायच्या. एकदा मी म्हटलं, "मॅडम, तुमचा चष्मा का नाही घालवून घेत? सर तुम्हाला फुकट करून देतील." भाकरीचा तुकडा तोंडात तसाच ठेवून म्हणाल्या, "मला माझ्या नसा पाहिजेत. तुला नको असल्या तर सांग, वर सरांकडं पाठवते."

आमच्याशी मराठीत भांडायच्या, पण पडद्यावरच्या नसांशी कानडीत बोलायच्या. एखाद्या पेशंटच्या डोळ्यात बरेच महिने काही दिसलेलं नसायचं, आणि मग एक दिवस कोपऱ्यात केसासारखी रेघ उमटायची. तेव्हा बाई खुर्ची पुढं ओढून हळूच म्हणायच्या, "बा यव्वा, बा." ये बाई, ये. तो आवाज मी त्यांच्या तोंडून एरवी कधी ऐकला नाही. पेशंटला वाटायचं आपल्यालाच बोलावतायत. तो उठायला बघायचा आणि शिव्या खायचा.

मोठ्या सरांचं आणि त्यांचं रोज वाजायचं. सर माणूस वाईट नव्हता. हाताला यश होतं, आणि ते त्यांना ठाऊक होतं. "अहो, पेशंट शेवटची ओळ वाचतो, पेढे घेऊन येतो, आणि तुम्ही त्याला सांगता अजून झालं नाही! कशाला घाबरवता?" बाई म्हणायच्या, "वाचता येतं ते तुमचं, सर. जाणवतं ते माझं. माझं अजून झालेलं नाही." सर कपाळाला हात लावून हसायचे. सरांचं हसणं मला तेव्हा पटायचं, खोटं कशाला बोलू? शंभरात एखाद्याचं काही राहतं, त्याच्यापायी सगळ्यांना छळायचं, असं मलाही वाटायचं.

मग रेणुका आली.

आईबरोबर आली होती. माढा तालुक्यातली, शेतकऱ्याची मुलगी, बी.ए. झालेली. जाड चष्म्यापायी तिचं एक ठरत आलेलं लग्न मोडलं होतं, म्हणून मामानं आमच्याकडं तिचं ऑपरेशन करून घेतलं होतं. अशा मुली आमच्याकडं पुष्कळ यायच्या. ऑपरेशन करायचं, चष्मा कुठं तरी फेकून द्यायचा, आणि सासरी एक अक्षर बोलायचं नाही. सरांनी ऑपरेशन चोख केलं होतं, त्यात काही खोट नव्हती. पोरीला लख्ख दिसत होतं. टेंभुर्णीच्या पलीकडं, उजनीच्या पाण्याकाठी ऊस-केळीवाल्या घरात तिचं लग्न ठरलं. आईचा जीव भांड्यात पडला.

बाईंच्या खुर्चीत मात्र रेणुका प्रत्येक वेळी हो म्हणायची. दोरा लांब सोडला, लागलं. आखूड केला, लागलं. फसवी केली, लागलं. आवाज असा मऊ, की रागावताही येईना. बाईंनी मशीन लावलं. उजव्या डोळ्यात दोनचार तुटक रेघा. डाव्यात काही नाही, नुसतं राखाडी. बाईंनी तीनतीनदा जागा बदलून बघितलं. पडदा कोराच.

"लग्न पुढं ढकला," बाई म्हणाल्या.

आई म्हणाली, "असं कसं ओ मॅडम? पत्रिका वाटल्यात की आमी."

"मग त्या लोकांना सांगा. हिच्या डाव्या डोळ्याला जाणीव नाही. काही गेलं तरी हिला कळणार नाही. वर्ष-दोन वर्षं जपलं तर नसा येतील बहुतेक, पण तोवर हिला धुळीत, उसात जाऊ द्यायचं नाही."

आई रडायला लागली. आईला सगळं कळत होतं, पण एकदा मोडलेलं लग्न परत मोडेल, यापलीकडं तिला काही दिसत नव्हतं. तेव्हा रेणुका पहिल्यांदा आपणहून बोलली. तिनं बाईंचा हात धरला. "मॅडम, तुमी कुनाला सांगू नका. मी तपासायला येत जाईन. थेंब घालीन. उसात जायची न्हाय."

"नक्की?"

"व्हय."

आणि बाईंनी त्या 'व्हय'वर विश्वास ठेवला. ज्या बाईनं जिल्हाभरातल्या माणसांचं होकार देणं बंद करायला घेतलं होतं, तिनं! पेशंटची गोष्ट पेशंटनं सांगितल्याशिवाय बाहेर जाऊ द्यायची नाही, हा नियम त्या आमच्याकडूनही कडक पाळून घ्यायच्या, ते खरं. पण मला वाटतं, पोरीनं हात धरला हेच जास्त. बाईंचा हात कुणी धरत नसे.

लग्नानंतर रेणुका माहेरपणाला आली तेव्हा एकदा दाखवून गेली. मग येईना. बाईंनी मला फोन लावायला सांगितलं. फोन सासूनं उचलला, "कोन बोलतंय?" बाईंनी माझ्या हातातून घेऊन कट केला. दिवसभर खोलीत येरझाऱ्या घालत होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाल्या, "पेन घे. आपण तिच्याकडं चाललोय."

"काय म्हणून जायचं मॅडम? डॉक्टर म्हणून?"

"तुला काय सुचतं ते सांग. मला खोटं सुचत नाही."

मग मला सुचलं. बाई म्हणजे रेणुकाची मावशी. आईची लांबची बहीण, सोलापूरची. मी मावशीची मुलगी. टेंभुर्णीच्या स्टँडवर मी नारळ, खण, पेढे घेतले, कारण बाई रिकाम्या हातानंच निघाल्या होत्या. तिथून वडापच्या जीपमध्ये दाटीवाटीनं बसून त्यांच्या वस्तीवर उतरलो. एका बाजूला केळी, दुसऱ्या बाजूला ऊस, मागं धरणाचं पाणी आणि ते उपसणाऱ्या मोटारींचा आवाज. बाई रस्ताभर पुटपुटत होत्या, "मावशी. मी मावशी."

सासू अंगणातच भेटली. थोराड बाई, आवाज खणखणीत. "या की, या. लग्नात कुटं दिसला न्हाय?"

"मावशी परगावी होती," मी घाईनं म्हटलं.

चहा झाला, केळी झाली, जेवून जायचा आग्रह झाला. मला तर वाटलं होतं, सासू म्हणजे काहीतरी राक्षसीण बघायला मिळणार. ही बाई सुनेला 'रेणू' म्हणत होती. रेणुका लगबगीनं म्हणाली, "मावशीला साड्या दावते," आणि आम्हाला आतल्या खोलीत घेऊन गेली. दार लोटलं. खिडकीशी तिला उभं करून बाईंनी विचारलं, "थेंब?"

"संपलं. हितला मेडिकलवाला ह्यांचा दोस्त हाय. आनायला कुनाला सांगू?"

बाईंनी पर्समधून चार बाटल्या काढून दिल्या. तिनं त्या ज्वारीच्या कणगीमागं ठेवल्या. मग बाईंनी पेन काढलं. उजव्या डोळ्याला थोडं कळत होतं. डाव्याला दोरा पार आखूड करून टेकवला. डोळा हलला नाही, पापणीसुद्धा मिटली नाही.

"लागलं?"

"व्हय."

बाईंनी हात मागं घेतला. "आता?"

"व्हय. लागलं."

एरवी बाईंनी घर डोक्यावर घेतलं असतं. त्या दिवशी त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला. मला ते बघवेना, मी खिडकीतून केळी बघत बसले. बाई म्हणाल्या, "मी सांगते तुझ्या सासूला. बरी बाई दिसते." रेणुकानं तिथल्या तिथं वाकून त्यांचे पाय धरले. "नगं. मावशी, नगं. मला ठिवायच्या न्हाईत." ती खरंच मावशी म्हणाली.

निघताना सासू रस्त्यापर्यंत सोडायला आली. रेणुका मागं, पदर दातात धरून. सासू म्हणाली, "मावशी, एक इचारू का? रेणूचं डोळं मधनं मधनं लाल दिसत्यात. लहानपनी काय दुखनं हुतं का? तुमी घरच्या, तुमाला म्हाईत आसंल. डोळ्याचं सगळं ठीक हाय न्हवं?"

सरळ प्रश्न होता. बाईंना असा सरळ प्रश्न कुणी विचारला की मला नेहमी धडकी भरायची. मी त्यांच्याकडं बघितलं. बाई रेणुकाकडं बघत होत्या.

"हो," बाई म्हणाल्या. "ठीक आहे." आणि मग घाईघाईनं, "पण तिला उसात नका पाठवू. ऊन सोसत नाही तिला."

सासू हसली. "ऊन कुनाला सोसतंय ओ? शेतकऱ्याच्या घरात आलीया, हुईल सवय."

परतीच्या यष्टीत बाई खिडकीशी बसल्या. मोहोळ मागं पडल्यावर म्हणाल्या, "मी हो म्हटलं." मी म्हटलं, "पेशंटनं नको म्हटलं होतं, मॅडम. तुम्ही तरी काय करणार?"  पुढं एकदोनदा मी थेंबांच्या बाटल्या माहेरच्या माणसाबरोबर पाठवल्या. पोचल्या की नाही, कळलं नाही.

ऊस वाढला आणि खालची वाळली पानं, पाचट, काढायची वेळ आली. सगळं घर उसात. नवी सून एकटी घरी कशी बसणार? आणि काय सांगून बसणार? उसाचं पान म्हणजे करवतीची धार. ते तिच्या डाव्या डोळ्याला कापून गेलं. दुसऱ्या कुणाला लागलं असतं तर तो जागीच किंचाळत बसला असता. रेणुकाला काही कळलंच नाही. ती संध्याकाळपर्यंत पाचट काढत होती.

सासूच तिला आमच्याकडं घेऊन आली, मुलाला बरोबर घेऊन. मोठा डोळ्यांचा दवाखाना म्हणून कुणीतरी नाव सांगितलं होतं. डोळा लालभडक, मध्ये पांढरा ठिपका. मी केसपेपरवर नाव वाचलं आणि दाराआडच थांबले. बाहेर सासू सिस्टरला सांगत होती, "डोळं आल्यात म्हनून गुलाबपानी घातलं ओ. रोज इचारत हुते, दुखतंय का गं, दुखतंय का? न्हाय म्हनायची. दुखलं आसतं तर त्याच दिशी आनली आसती की."

बाई आतून बाहेर आल्या. पांढरा कोट, गळ्यात ओळखपत्र. सासू त्यांच्याकडं बघतच राहिली.

"मावशी? तुमी हितं कुटं?"

बाई रेणुकापुढं जाऊन उभ्या राहिल्या. "सांगू?" रेणुकानं एका डोळ्यानं वर बघितलं आणि म्हणाली, "सांगा आता."

बाईंनी सगळं सांगितलं. चष्मा, ऑपरेशन, नसा, मावशी, सगळं. तिथंच व्हरांड्यात उभं राहून, एक शब्द मऊ न करता. नवरा भिंतीला टेकून खाली मान घालून ऐकत होता. मला वाटलं, आता सासू तोंड सोडणार. सोडायलाच हवं होतं, आमच्या आणि तिच्या जिवाला बरं वाटलं असतं. ती हळू आवाजात म्हणाली, "मी इचारलं हुतं की तुमाला. रस्त्यात. तुमी म्हनला ठीक हाय."

बाई म्हणाल्या, "हो. मी खोटं बोलले."

"का ओ? टाकली आसती व्हय आमी तिला? आमच्या मालकास्नी एका कानानं ऐकू येत न्हवतं. मला कुनी सांगितलं हुतं लग्नात? नांदले की मी." मग तिचा आवाज फुटला. "नुसतं म्हनला आसता, आक्का, हिला उसात लावू नका, डोळा कच्चा हाय. मी काय मारून लावनार हुते का तिला?"

बुरशीचा संसर्ग होता, पार आतपर्यंत गेलेला. सरांनी आणि बाईंनी जिवाचं रान केलं. रात्रंदिवस औषधं झाली, कॉर्निया बदलून बघितला, तोही टिकला नाही. डाव्या डोळ्याची नजर गेली. मोठे सर त्या दिवसानंतर बाईंना हसले नाहीत. बाईंनी फसवी सोडली नाही, पण ओरडणं सोडलं. लग्नाच्या मुली आल्या की त्यांना खुर्चीत बसवून म्हणायच्या, "सासरी सांगणार असशील तरच ऑपरेशन करून घे." बऱ्याच जणी उठून दुसऱ्या दवाखान्यात गेल्या. दवाखान्यात कुरकुर सुरू झाली. पुढं काही महिन्यांत बाई राजीनामा देऊन गावी निघून गेल्या. आता फोन उचलत नाहीत. मी एकदा अक्कलकोटला जाऊन आले. ओट्यावर बसल्या होत्या, चहा दिला, साखर बरोबर होती, पण गोड झालाय का ते काही विचारलं नाही. डोळ्यांचा विषय काढला तर उठून आत गेल्या.

पण बाई दवाखान्यातून जायच्या आधीचा एक दिवस राहिला सांगायचा. तो सांगावा की नाही, असं मला नेहमी होतं.

रेणुकाचा उजवा डोळा बाई जिवापाड जपत होत्या. आता लपवाछपवी नव्हती. सासू स्वतः तिला यष्टीनं घेऊन यायची. पोरीला गॉगल, थेंबांची बाटली सासूच्या कमरेच्या पिशवीत. वस्तीवर ती तिला शेताच्या बांधावरही जाऊ देत नव्हती. त्या दिवशी बाईंनी मशीन लावलं आणि पडद्यावर रेघा आल्या. एकदोन नाही, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एकमेकींना लागून. मी एवढ्या रेघा एखाद्या धड डोळ्यातच बघितल्या असतील. बाईंनी 'बा यव्वा' म्हटलं नाही. नुसत्या बघत बसल्या.

मला राहवेना. मी सासूला आत बोलावलं. "बघा, आक्का. ह्या नसा. आल्या परत."

"ह्याच का ओ त्या?" तिनं पडद्यावर बोट ठेवलं आणि एका रेघेवरून हळूहळू फिरवलं. तोंडभर हसली. "रेणू, बघ की गं! किती ग्वाड दिसत्यात!" रेणुकाही खुर्चीतून मान वळवून हसली. कितीतरी दिवसांनी त्या खोलीत कुणी हसत होतं.

मग सासूचं बोट थांबलं.

"मंग मॅडम," ती म्हणाली, "तवर जपलं आसतं, तर डाव्यात बी आल्या आसत्या का ओ?"

मी मनातल्या मनात बाईंना हात जोडले. सांगता येत नाही म्हणा. प्रत्येक डोळा वेगळा असतो म्हणा. तसं म्हटलं असतं तर कुणी खोटं ठरवलं नसतं, पुस्तकातही तसंच लिहिलंय. रेणुका खुर्चीत बसून बाईंकडं बघत होती. बाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला.

"हो," बाई म्हणाल्या. "आल्या असत्या."

सासूनं पडद्यावरचं बोट काढून घेतलं. रेणुकाचा पदर सारखा केला, गॉगल तिच्या हातात दिला आणि म्हणाली, "चल बाय. यष्टी चुकंल."